परसातली खोली आणि दुसरी चूल

आमच्या धर्मग्रामातील एक आजी काही वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात आपल्या मुलाकडे सहा महिने राहून आल्या. परतल्यावर एका रविवारी मिस्साबलिदानानंतर चर्चच्या प्रांगणात त्यांची भेट झाली. मुलाने घरामागे परसात त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली बांधली होती. पलंग, कपाट, न्हाणीघर, थंडीसाठी उबेचे यंत्र, कशालाच तोटा नव्हता. "पण फादर, चूल नव्हती," त्या म्हणाल्या. "पहाटे चहा हवा तर सुनेच्या स्वयंपाकघरात जायचे. मुलगा म्हणतो, इथे शेगडी ठेवली तर नगरपालिकेचा माणूस येऊन काढायला लावील." खोली चालते आणि शेगडी चालत नाही, हा काय न्याय, असे त्यांचे विचारणे होते. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळले की त्या न ठेवलेल्या शेगडीमागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे.

आपल्या भाषेत भाऊ वेगळे झाले असे सांगायचे असेल तर आपण 'चुली वेगळ्या झाल्या' असे म्हणतो. छप्पर एकच असते, ओटी एकच असते, विहीरही एकच. पण चूल दुसरी झाली की बिऱ्हाड दुसरे झाले. आपल्या जनगणनेतही कुटुंब मोजण्याची हीच खूण आहे: एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. गंमत अशी की अमेरिकन नगरांच्या नियमावल्यांनीही पुष्कळ ठिकाणी हीच खूण धरली. जेथे झोपण्याची, न्हाण्याची आणि रांधण्याची कायम सोय आहे ते एक 'निवासस्थान'. दुसरी शेगडी आली की दुसरे निवासस्थान झाले. आणि त्या पट्ट्यात एका भूखंडावर एकच निवासस्थान असा नियम असेल, तर ती शेगडी बेकायदेशीर. आपल्याकडे चुलीने नात्याची स्थिती कळत असे. तेथे तिच्यावरून वृद्ध आईला परसात राहता येईल की नाही, हे ठरू लागले.

हे नेहमीच असे नव्हते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन गावांत मोठ्या घरामागे घोडागाडीची पागा असे आणि तिच्या माडीवर गाडीवानाची खोली. घोडे गेले, मोटारी आल्या, तशा त्या खोल्यांत कधी विधवा बहीण, कधी म्हातारे आईवडील, कधी पोटभाडेकरू राहू लागले. त्याला कोणाची परवानगी लागत नसे. पुढे नगरे वाढली, कारखान्यांचा धूर घरांत शिरू लागला, दाटीच्या चाळींतून रोगराई पसरू लागली, तेव्हा कोठे काय बांधावे याचे नियम करण्याची निकड भासली. १९१६ साली न्यूयॉर्कने संपूर्ण शहरासाठी असे नियम केले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील बर्कली या नगराने केवळ एकेका कुटुंबाच्या घरांसाठी राखून ठेवलेला पट्टा निर्माण केला. त्या नियमांमागे स्वच्छतेची आणि शांततेची इच्छा होती, तशीच काही लोक शेजारी नकोत ही इच्छाही होती. बर्कलीत चिनी लोकांच्या धोबीखान्यांना दूर ठेवण्याचा हेतू उघडपणे बोलला जात होता. वर्णावरून वस्त्या विभागणारा केंटकी राज्यातील लुइव्हिल नगराचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. त्यानंतर जे वर्णाच्या नावाने लिहिता येत नव्हते, ते भूखंडाच्या आकाराने आणि घराच्या प्रकाराने साधता येऊ लागले.

मात्र हे पट्टे पाडण्याचा अधिकार नगरांना आहे की नाही, याचा निकाल व्हायचा होता. तो ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराच्या एका उपनगरामुळे झाला. त्या गावाचे नाव युक्लिड. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या मुलखाची मोजणी करणाऱ्या भूमापकांनी आपल्या शास्त्राच्या आद्य गुरूचे, ग्रीक भूमितिकाराचे नाव गावाला दिले होते, आणि आखणीच्या कायद्याने पुढे याच गावाचे नाव अजरामर करावे हा योगायोग मोठा खुमासदार आहे. १९२२ साली युक्लिडने आपल्या हद्दीचे पट्टे पाडले. ॲम्बलर नावाच्या जमीन कंपनीची तेथे ६८ एकर जागा होती. कारखान्यासाठी विकली तर एकरी सुमारे १०,००० डॉलर आणि घरांसाठी विकली तर २,५०० डॉलर, असा तिचा हिशेब होता. कंपनी न्यायालयात गेली. १९२४ मध्ये खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश वेस्टेनहेव्हर यांनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि जाता जाता एक मार्मिक निरीक्षण नोंदवले: या नियमांचा खरा परिणाम लोकांना त्यांच्या मिळकतीप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे वेगवेगळे बसवणे हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९२६ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या सदनिकांच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली. एका भूखंडावर एक घर आणि त्यात एक कुटुंब, हा आदर्श त्या दिवसापासून कायद्याच्या पाठबळाने देशभर पसरला.

येथे आपण वसईकरांनी थोडे थांबले पाहिजे. युक्लिडच्या गावकऱ्यांना नुसती नावे ठेवून चालणार नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या तालुक्यातील शेतजमिनी बांधकामाला खुल्या झाल्या, तेव्हा 'झोन' हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि हिरवा पट्टा हिरवाच राहावा म्हणून आपण रस्त्यावर उतरलो. आमच्या केळीच्या बागांमध्ये टोलेजंग इमारती नकोत, हे आपलेही म्हणणे होते आणि आजही ते मला योग्य वाटते. पट्टा आखणे हे मुळात पाप नव्हे. पण आखलेली रेघ कुंपणापाशी थांबते की घरात शिरते, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत ती घरात शिरली.

कारण 'एका कुटुंबासाठी घर' असे लिहिले की कुटुंब म्हणजे कोण, हा प्रश्न आलाच. प्रारंभी बहुतेक नगरांनी एकत्र रांधून जेवणारा समूह एवढेच पुरेसे मानले होते. १९५४ साली विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटफिश बे या गावाने ला सालेतच्या आमच्या मिशनरी धर्मगुरूंना आणि बंधूंना एका घरात राहण्यास हरकत घेतली. तुम्ही कुटुंब नव्हे, असे गावाचे म्हणणे. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचीच व्याख्या वाचून दाखवली आणि एका चुलीवर जेवणारे हे धर्मबंधू कुटुंबच ठरतात असा निर्णय दिला. म्हाताऱ्यांच्या वाट्यालाही असे प्रसंग आले होते. सिएटल शहरात वृद्ध गरिबांसाठीचे आश्रमघर मोठे करून बांधायचे होते, तर ४०० फुटांच्या आतील दोन तृतीयांश जमीनमालकांची संमती आणा, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १९२८ मध्ये मोडीत काढली. पण या निकालांनी नगरे शहाणी झाली ती उलट्या दिशेने. त्यांनी चुलीची व्याख्या सोडून रक्ताची व्याख्या धरली. न्यूयॉर्कजवळच्या बेल टेअर या चिमुकल्या गावाने रक्ताचे, लग्नाचे वा दत्तकाचे नाते नसलेल्या दोनपेक्षा अधिक माणसांनी एका घरात राहू नये असा नियम केला, आणि सहा विद्यार्थ्यांनी घेतलेल्या घराच्या प्रकरणात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

आता पुन्हा क्लीव्हलँडच्या परिसरात येऊ. युक्लिडपासून फार दूर नसलेले ईस्ट क्लीव्हलँड हे दुसरे उपनगर. त्याने १९६६ च्या आपल्या नियमावलीत कुटुंबाची अशी काही बारीक व्याख्या केली की ती वाचताना वकिलालाही कागदावर वंशवृक्ष काढावा लागावा. घरमालक, त्याची पत्नी, त्यांची अविवाहित मुले, मालकाचे आईवडील, इथवर ठीक. नातवंडांसह एखादे मूलही राहू शकेल, पण असे एकच मूल. म्हणजे एका मुलाची नातवंडे आजीजवळ राहू शकत. दोन मुलांची नातवंडे एका आजीजवळ राहिली की तो गुन्हा.

इनेझ मूर ही त्या गावातील कृष्णवर्णीय आजी. तिच्या घरी मुलगा डेल, त्याचा मुलगा धाकटा डेल आणि दुसऱ्या मुलाचा मुलगा जॉन असे राहत होते. जॉन एक वर्षाचाही झालेला नसताना त्याची आई वारली आणि आजीने त्याला आपल्याकडे आणले. आपल्यापैकी किती घरांत असे झाले असेल! १९७३ च्या आरंभी नगराकडून तिला नोटीस आली: जॉन हा बेकायदेशीर रहिवासी आहे, त्याला घरातून काढा. जॉन आणि धाकटा डेल सख्खे भाऊ असते तर नगराची काही तक्रार नव्हती. ते चुलतभाऊ होते, एवढाच अपराध. (आपल्याकडे चुलतभावाला नुसते 'भाऊ' म्हणतात; त्या नियमावलीला ही भाषा येत नव्हती.) आजीने नातवाला काढले नाही. तिच्यावर खटला झाला आणि तिला पाच दिवसांचा तुरुंगवास व २५ डॉलर दंड अशी शिक्षा सुनावण्यात आली.

नगराचे म्हणणे असे की या नियमाने गर्दी टळते, रस्त्यावर गाड्या कमी राहतात आणि शाळांवरचा भार हलका होतो. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि ३१ मे १९७७ रोजी पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी आजी जिंकली. चार न्यायमूर्तींच्या वतीने लिहिताना न्यायमूर्ती पॉवेल यांनी म्हटले की कुटुंबाचे पावित्र्य केवळ आईबाप आणि लेकरे यांच्यापुरते नाही. काका, मावश्या, चुलतभावंडे आणि विशेषतः आजीआजोबा यांनी एका छपराखाली राहण्याची परंपरा तितकीच जुनी आणि तितकीच आदरणीय आहे. न्यायमूर्ती ब्रेनन हे स्वतः आयरिश स्थलांतरितांचे पुत्र आणि कॅथोलिक. त्यांनी आणखी एक गोष्ट नमूद केली: आईबाप आणि मुले एवढेच कुटुंब हा बव्हंशी गोऱ्या उपनगरांचा नमुना आहे, परदेशातून आलेल्या पिढ्या एकत्र कुटुंबाच्याच आधाराने तगल्या आणि गरीब कृष्णवर्णीय घरे आजही त्याच आधाराने उभी आहेत. येथे एक कटू सत्य लपवून चालणार नाही. ईस्ट क्लीव्हलँडची वस्ती तोवर बहुसंख्येने कृष्णवर्णीय झाली होती आणि नगराचे कारभारीही कृष्णवर्णीय होते. म्हणजे आजीला नोटीस देणारे परके नव्हते. मध्यमवर्गात नुकतेच पोहोचलेले आणि ते स्थान सांभाळू पाहणारे तिचेच लोक होते. आपले लोक असे करत नाहीत, असे मी म्हणू शकत नाही.

पाचवे निर्णायक मत न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे होते आणि त्यांचे कारण वेगळे होते. घर जिच्या मालकीचे, तिने त्यात आपल्या कोणत्या नातलगांना ठेवावे हे तिने ठरवावे. हा तिचा मालमत्तेचा हक्क आहे, असे त्यांनी लिहिले. विरोधी मतांपैकी सरन्यायाधीश बर्गर यांचे मत मला सर्वांत निबर वाटते: आजीने आधी नगराच्या मंडळाकडे सवलतीसाठी अर्ज करायला हवा होता. नातवाला जवळ ठेवण्यासाठी अर्ज!

या निकालानंतर चार-पाच वर्षांतच, नोव्हेंबर १९८१ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांचे 'फॅमिलियारिस कॉन्सोर्शियो' हे प्रबोधनपत्र आले. वृद्धांना कुटुंबाबाहेर ढकलणाऱ्या समाजाविषयी त्यात स्पष्ट खंत आहे. १९८३ मध्ये परमपीठाने कुटुंबाच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली. तिच्या सहाव्या कलमात जेथे एकत्र कुटुंबपद्धती आहे तेथे तिचा आदर राखावा असे म्हटले आहे आणि अकराव्या कलमात कुटुंबातील माणसांच्या संख्येला साजेसे घर हा हक्क मानला आहे. पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' या १८९१ च्या परिपत्रकात कुटुंब हे राज्यसंस्थेहून आधीचे आहे असे सांगितले होते, ते तर आम्हाला सेमिनरीत पाठच करावे लागे. तेव्हा ते कामगारांच्या संदर्भातच वाचले जाई. नगरपालिकेच्या नकाशावर ते लावून पाहावे असे कोणाच्या मनात आले नाही.

इनेझ मूरच्या विजयाने नातवाला घरात राहता आले, पण घरामागे आजीसाठी दुसरी चूल मांडण्याचा हक्क त्यातून आला नाही. ती वाट कॅलिफोर्नियात निघाली, आणि ती प्रेमापेक्षा गरजेपोटी निघाली. घरे महाग होत गेली, माणसे वाढत गेली आणि नियम युक्लिडच्या काळातच राहिले. त्यामुळे लोक लपूनछपून राहू लागले. १९८७ साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने केलेल्या पाहणीचा अंदाज होता की त्या एका परगण्यात सुमारे ४२,००० मोटारखान्यांत सुमारे दोन लाख माणसे राहत आहेत. खिडकी नाही, दुसरा दरवाजा नाही, ओढूनताणून घेतलेल्या विजेच्या तारा. १९९० च्या दशकात अशा मोटारखान्यांना लागलेल्या आगींत लहान मुले दगावली. बंदीने दुसरी चूल विझली नव्हती; ती अंधारात गेली होती.

राज्याने १९८२ मध्येच कायदा करून अशा पूरक घरांना सरसकट मनाई करू नये असे नगरांना सांगितले होते. ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट असे त्यांचे आजचे सरकारी नाव. लोक त्यांना आजीचे घर, सासूची खोली असे काय काय म्हणतात. पण नगरे हुशार. मनाई केली नाही; भूखंड अमुक इतका मोठा हवा, गाडीसाठी वेगळी जागा हवी, शेजाऱ्यांसमोर जाहीर सुनावणी हवी, अशा अटी घातल्या. सुनावणीत शेजारी उठून बोलले की अर्ज बारगळे. २००२ च्या कायद्याने सुनावणी काढली, तरी बाकीच्या अटी उरल्या. खरा बदल २०१६ आणि २०१९ च्या कायद्यांनी झाला. ८०० चौरस फुटांपर्यंतचे, १६ फूट उंचीचे, बाजूने आणि मागून चार फूट जागा सोडून बांधलेले घर नगराला नाकारता येत नाही; अर्जाचा निकाल ६० दिवसांत द्यावा लागतो; ७५० चौरस फुटांखालील घरावर विकासशुल्क नाही. २०१६ च्याच दुसऱ्या एका कायद्याने मूळ घराच्या भिंतींआड ५०० चौरस फुटांपर्यंतची छोटी जागा वेगळी करण्यास मुभा दिली आणि तिच्यात लहानसे स्वयंपाकघर असावे असे म्हटले. म्हणजे ज्या शेगडीवर बंदी होती, तीच आता नियमाने मागितली जाऊ लागली. २०२२ साली त्या राज्यात २०,००० हून अधिक पूरक घरांना परवाने मिळाले.

जुन्या करारात राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात शूनेमची ती बाई आपल्या पतीला सांगून संदेष्टा अलीशासाठी माडीवर लहानशी खोली बांधवते आणि तीत पलंग, मेज, बैठक व दिवा ठेवते. या विषयाच्या वाचनात तो अध्याय पुन्हा उघडला, तेव्हा लक्षात आले की त्या यादीत चूल नाही. अलीशा जेवायला खालीच येत असावा.

हवाई बेटांची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तेथे हा प्रश्न नात्याच्याच नावाने सुरू झाला. १९८१ साली त्या राज्याने भूखंडावर दुसरे घर बांधू देणारा कायदा केला आणि लोकांनी त्या घराला 'ओहाना' म्हटले. हवाईयन भाषेत ओहाना म्हणजे कुटुंब, आणि तेही मोठे, गोतावळ्याचे. पुढे होनोलुलूने अशा घरात नातेवाईकच राहतील अशी अट घातली. पण नातेवाईक आहे हे सिद्ध कसे करायचे आणि आई वारल्यावर ती रिकामी खोली कोणाची? २०१५ साली होनोलुलूने कोणालाही भाड्याने देता येईल अशा पूरक घरांना वेगळी परवानगी दिली.

कॅलिफोर्नियातही प्रवाह त्याच दिशेने गेला आहे. पूर्वी अनेक नगरांत मालकाने त्याच भूखंडावर राहिले पाहिजे अशी अट असे. २०१९ च्या कायद्याने ती काही वर्षांसाठी आणि २०२३ च्या कायद्याने कायमची दूर झाली. शेजाऱ्यांची कुरकुर सगळीच खोटी नाही: रस्त्यावर गाड्या वाढल्या, परसातली झाडे गेली, मालक दूर कोठेतरी राहून दोन्ही घरांचे भाडे घेतो. २०२३ च्याच आणखी एका कायद्याने, नगराची इच्छा असल्यास, परसातले घर मूळ घरापासून तोडून वेगळे विकता येते. २०२४ मध्ये सॅन होजे या शहराने ती मुभा स्वीकारली. ज्या खोलीत एकेकाळी विधवा बहीण राहत असे, ती आता परक्याच्या नावावर चढू शकते. मला ते आवडत नाही. पण ज्याला त्या शहरात राहायला दुसरी जागा परवडत नाही, त्याला ते घर घेऊ नको असेही मला सांगता येणार नाही.

आमच्या आजींच्या मुलाने नवे कायदे आल्यावर रीतसर परवाना काढला आणि परसातल्या त्या खोलीत दोन जाळांची शेगडी, ओटा आणि मोरी करून घेतली. त्याचे छायाचित्र आजींनी मला त्यांच्या फोनवर दाखवले. गुडघ्यांमुळे त्यांना आता इतका लांबचा प्रवास झेपत नाही. खोलीत सध्या एक विद्यार्थी भाड्याने राहतो आणि मुलगा म्हणतो, तो स्वयंपाक जवळजवळ करीतच नाही.